सगळेच पाय डावे

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे भागूबाई म्हणत. कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघणारी भित्री बाई! पण काल एक्स-रेच्या फाइली नव्या सर्व्हरवर हलवताना नेमकी तिनेच घाई केली. पाय डावा की उजवा, ही नोंद त्यांच्याकडे फोटोत नसते, फाइलीला बाहेरून चिठ्ठीसारखी चिकटवलेली असते. ऑपरेटिंग सिस्टीमकडून ती वेगळी मागून घ्यावी लागते आणि नव्या जागी वेगळी लावावी लागते. ते राहून गेलं. फोटो लख्ख उघडले, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

सकाळी तिने सहज स्क्रीन चाळली. झाडून सगळे पाय डावे! नोंद सापडली नाही की प्रोग्राम आपला 'डावा' लिहून मोकळा.

आज एका मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तिने जुन्या सर्व्हरवर त्यांची फाइल उघडली. उजवा.

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. "सिस्टर, मास्तरांचा गुडघा कुठला घेताय?"

सिस्टर हसल्या. "अहो भागूबाई, आता कसली भीती? तुमच्या स्क्रीनवर आहे तोच. डॉक्टरांनी मघाशीच सुरुवात केली."