दशरथ स्की शिकला, तो हिवाळा

पलटण काश्मीरमध्ये येऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा आमच्या कंपनीतून स्की कोर्ससाठी दोन नावं गेली. एक माझं, दुसरं लान्स नाईक दशरथ घुगेचं. दोघंही बीड जिल्ह्यातले. कंपनीत डोंगरातली पोरं कमी नव्हती, पण आमच्या सुभेदार साहेबांचं मत असं होतं, की ज्याने बर्फ पाहिलेलाच नाही त्याला बर्फावरच्या वाईट सवयीही नसतात.

दशरथ आज नाही. तो बर्फातच गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी वेगळी आशा धरणार नाही.

मी अंबाजोगाईजवळचा. घरी विहीर, बागायत, खाऊनपिऊन सुखी. दशरथ धारूरच्या डोंगराकडचा. त्याचं घर ऊसतोडीचं. दसरा झाला की आईबाप, भावंडं, भांडीकुंडी सगळं ट्रकमध्ये घालून कोल्हापूरकडे जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. भरती होईपर्यंत दशरथही जायचा. गावी असतो तर आमची ओळखसुद्धा झाली नसती. फौजेत मात्र एका ताटात जेवलो.

कोर्सच्या जागी गाडीतून उतरलो तेव्हा समोर उतारच्या उतार पांढरे होते. आमच्याकडे बर्फ म्हणजे लग्नात सरबताच्या पिंपात सोडतात ती लादी. दशरथ बराच वेळ बघत राहिला.

"देसमुख, एवढ्यात समद्या जिल्ह्याची लग्नं उरकतील बे."

आमचे उस्ताद ठाकूर साहेब. हिमाचलचे, बुटके, चेहरा उन्हाने काळवंडलेला. पहिल्या दिवशी त्यांनी स्कीला हातच लावू दिला नाही. फक्त बूट. स्कीचा बूट म्हणजे घोट्याला आवळलेला प्लास्टिकचा डबा. त्यात पाऊल वाकत नाही. माणूस गुडघ्यातून पुढे झुकू शकतो, बास. ते बूट घालून आम्हाला दिवसभर चालवलं. संध्याकाळी नडग्या सोलून निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी स्की मिळाल्या. उस्ताद म्हणाले, "पहले गिरना सीखो. जिसको गिरना नहीं आता, उसको चलना नहीं सिखाऊंगा।"

मग पडायला शिकलो. तोल गेला की पुढे नाही, मागे नाही, बाजूला पडायचं, कमरेवर, उताराच्या वरच्या अंगाला. हातातल्या काठ्या लांब. उठण्याआधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर अर्धवट उठलेला माणूस पुन्हा घसरत सुटतो. मी तसा दोनदा सुटलो आणि दुसऱ्या वेळी एका बंगाली हवालदाराला घेऊन खाली गेलो. तो मला पुढे महिनाभर "बीड एक्सप्रेस" म्हणायचा.

नवशिक्याची खरी अडचण पाठ असते. खाली उतार दिसला की भीती वाटते आणि माणूस मागे रेलतो. मागे रेलला की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, वळत नाही, थांबत नाही, उलट वेग घेतं. उस्ताद दिवसभर एकच ओरडायचे. घुटना मोड़ो, वजन आगे. स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, आतल्या कडांवर दाब, की स्की थांबते. डोक्याला हे पहिल्या तासात कळलं. पाठीला कळायला आठवडा गेला.

दशरथला ते पहिल्याच दिवशी आलं. गुडघे वाकवून, छाती पुढे टाकून तो नर्सरी स्लोपवरून सरळ खाली गेला आणि तळाशी थांबला. नर्सरी स्लोप म्हणजे बालवाडीचा उतार. आम्ही बाकीचे तिथे इकडेतिकडे पसरलो होतो.

"कहाँ सीखा?" उस्तादांनी विचारलं.

"फळीवर, साब."

उस्तादांना कळेना. मग मी सांगितलं. ट्रकमध्ये ऊस भरताना ट्रकला एक अरुंद फळी तिरकी लावतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर जायचं. फळी हलते, पायाखाली पाचट, कधी दव. मागे रेललं की संपलं. गुडघे वाकवूनच चढावं लागतं. दशरथ हे लहानपणापासून करत होता. उस्ताद खूश झाले आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, घुगे को देखो. मला राग आला होता, पण त्याला बघूनच मी शिकलो.

दुसऱ्या टप्प्यात पाठीवर ओझं आलं. भरलेली सॅक, रायफल, कुणाकडे दोर, कुणाकडे वायरलेस सेट. आणि इथे दशरथ अडला.

हिमस्खलनाची एक ड्रिल असते. शिट्टी वाजली की जे अंगावर आहे ते सगळं फेकायचं. काठ्या, सॅक, स्की. बर्फ अंगावर आला की ओझं माणसाला तळाशी ओढतं. हलका माणूस हातपाय मारून वर राहू शकतो. म्हणून सॅकचा कमरेचा पट्टा आधीच सोडलेला ठेवतात, काठ्यांच्या वाद्या मनगटात अडकवत नाहीत. शिट्टी, आणि टाक.

शिट्टी वाजली की आम्ही सगळे टाकायचो. दशरथचे हात खांद्यावरच्या पट्ट्यांकडे जायचे आणि पट्टे काढण्याऐवजी घट्ट धरायचे. तोल गेला तरी तो तोंडावर पडायचा, पण ओझं वर ठेवायचा. उस्ताद लाल व्हायचे.

"बोझा फेंक! मरेगा तू किसी दिन। फेंक!"

रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला एकट्याला ती ड्रिल लावली. मी बसून शिट्टी वाजवायचो. एका दुपारी मी वैतागलो.

"कावून टाकत न्हाईस बे? सरकारी माल हाय, तुझ्या बापाचा न्हाई."

तो बर्फात बसला, हातमोजे काढले आणि पहिल्यांदा सांगितलं. त्याच्या आईच्या पुढे फळीवर कुणीतरी चढत होतं. त्या माणसाचा पाय सटकला आणि त्याने मोळी सोडली. ती मागून येणाऱ्या आईच्या अंगावर आली. आई फळीवरून खाली पडली आणि कमरेत गेली. तेव्हापासून ती वाकूनच चालते. त्या दिवसापासून बापाने पोरांना एकच बजावलं.

"आण्णा म्हणायचा, जीव गेला तरी मोळी टाकायची न्हाई. मागं कुणीतरी असतंय." दशरथने हातमोजे पुन्हा चढवले. "मला टाकता येत न्हाई देसमुख. डोक्यात असतंय टाकायचं. हात ऐकत न्हाईत."

मी त्याला शिव्या देणं बंद केलं. ड्रिल मात्र वाढवली. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. पास नापास सोडा, हा माणूस वरच्या पोस्टवर गेला आणि एकदा जरी वरून बर्फ सुटला, तर हा राहणार नाही हे मला दिसत होतं. जेवण कमी आणि शिट्ट्या जास्त असे आमचे दिवस गेले.

आणि त्याने करून दाखवलं. शेवटच्या परीक्षेत एकेकाने लोड घेऊन उतार उतरायचा होता. मध्येच कुठेतरी उस्ताद शिट्टी वाजवणार. दशरथ वरून निघाला, सुरेख वळणं घेत अर्ध्यावर आला, शिट्टी वाजली आणि सॅक बाजूला उडाली, काठ्या उडाल्या, एका झटक्यात स्की सुटल्या. उस्तादांनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुन्हा पडला. त्या संध्याकाळी मेसमध्ये आम्ही दोघांनी जास्तीचा शिरा मागून खाल्ला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. परीक्षेत त्याच्या मागे कुणीच नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. कुणाच्याच आली नाही.

पुढचा हिवाळा आम्ही वरच्या पोस्टवर होतो. दशरथ तोवर नाईक झाला होता, वायरलेस सेट त्याच्याकडे असायचा. फेब्रुवारीत चार दिवस सलग बर्फ पडला, मग दोन दिवस निरभ्र गेले. तिसऱ्या सकाळी शेजारच्या पोस्टपर्यंतची वाट तपासायला गस्तीचं पेट्रोल निघालं. नायब सुभेदार साहेब पुढे, मग दशरथ, मग मी, मागे चौघे. निघताना दशरथने सेटवर कळवलं.

"पेट्रोल मूव्हिंग. ओव्हर."

"रॉजर. वेदर क्लिअर. आउट."

मोठ्या उतारावर आम्ही नागमोडी चढत होतो. साहेबांनी नियम पाळला. एका वेळी एकच माणूस आडवा जायचा, बाकीचे थांबायचे. साहेब पलीकडे खडकाशी पोहोचले. दशरथ निघाला. तो वरच्या पट्ट्यावर मध्यावर होता आणि मी त्याच्या सरळ खाली, वळणावर, माझी पाळी येण्याची वाट बघत उभा होतो.

आवाज मोठा झाला नाही. घरात कुणी धान्याचं पोतं खाली ठेवावं तसा धप्प. मग दशरथच्या वर उतारावर बर्फ फाटल्याची एक रेघ उमटली.

"फेको! सब फेको!" साहेब ओरडले.

मी काठ्या टाकल्या, सॅक टाकली, बुटाला स्की धरून ठेवणारी बाइंडिंग सोडली. वर पाहिलं. दशरथच्या स्की सुटलेल्या होत्या. काठ्याही गेल्या होत्या. सेट पाठीवर होता. त्याने दोन्ही हातांनी खांद्यावरचे पट्टे धरले होते आणि तो मान वळवून खाली माझ्याकडे बघत होता.

"टाक, दशरथ!" मी ओरडलो. "टाक बे!"

मग बर्फ आला. मला एका बाजूला फेकलं, छातीपर्यंत पुरलं आणि सोडून दिलं. मागच्या चौघांनी मला ओढून काढलं. आम्ही लगेच शोधायला लागलो. प्रत्येकाच्या कमरेला लांब लाल दोरी बांधलेली असते, तिचं टोक वर दिसलं. फावडी, हात, जेवणाची ताटं, जे मिळेल त्याने खणलं. तो पालथा होता. सेट पाठीवर, पट्टे मुठीत. आम्हाला उशीर झाला होता. नंतर डॉक्टर साहेब म्हणाले, वजन नसतं तर कदाचित वर राहिला असता. कदाचित, असंच म्हणाले.

साहेबांनी त्याच सेटवरून खबर दिली. सेट चालू होता.

त्याला घेऊन मी गावी आलो. हंगाम होता. निम्म्या घरांना कुलपं. आईबाप कोल्हापूरकडे फडात होते, त्यांना तिथे उसातच निरोप मिळाला. एकेका फडावरून टोळ्यांचे ट्रक आले, माणसं तोडीच्या कपड्यांतच उतरली. बंदुकीची सलामी झाली. एका पुढाऱ्याने भाषण ठोकलं, की या वीराने शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या पाठीवरची जबाबदारी सोडली नाही. लोकांनी घोषणा दिल्या. मला त्या माणसाचा माइक हिसकावून घ्यावासा वाटला. आण्णा, म्हणजे दशरथचे वडील, मान खाली घालून उभे होते. भाषणातलं ते वाक्य त्यांनी ऐकलं हे मला दिसलं. त्या वर्षानंतर ते तोडीला गेले नाहीत.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. अंबाजोगाईत सकाळी मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतो. दशरथची बायको आणि मुलगीही शहरातच असतात, मुलगी नर्सिंगला आहे. दसऱ्याच्या आधी एकदा मी आण्णांकडे जातो. चहा होतो, पावसापाण्याचं बोलणं होतं. बर्फाचं कधी झालं नव्हतं. मी मुद्दाम टाळत होतो. म्हाताऱ्याने पोराला जे शिकवलं त्यानेच पोरगा गेला, हे त्याला माझ्या तोंडून कळू नये, एवढीच माझी धडपड होती.

यंदा गेलो तेव्हा गावातून टोळ्यांचे ट्रक भरत होते. दशरथच्या आई झोपल्या होत्या. आण्णा ओट्यावर बसले होते. चहा संपला आणि त्यांनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

"हवालदार, तवा त्याच्या मागं कोण व्हतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीतसुद्धा नाही. खोटं बोलायचं मनात आलं, पण जमलं नाही.

"मी होतो आण्णा. त्याच्या सरळ खाली."

ते दचकलेही नाहीत. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. भाषण झालं त्या दिवसापासूनच. मी सांगायला लागलो, की एवढ्या बर्फापुढे तो सेट म्हणजे काहीच नव्हता, माझ्या अंगावर आला असता तरी मला कळलंही नसतं, त्याने टाकायला हवा होता, मी ओरडत होतो. माझं बोलणं भरकटत गेलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुमच्या अंगावर काई आलं तर न्हाई ना?"

"न्हाई, आण्णा."

"लागलं न्हाई ना कुठं?"

"न्हाई."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या चितेपाशी मी रडलो नव्हतो, गणवेशात होतो. त्या ओट्यावर मात्र मला आवरलं नाही, आणि नाईक दशरथ घुगेचे वडील माझी पाठ चोळत बसून राहिले.