चेकच्या खिडकीतले बाबू

पिन म्हणून बायकोचं जन्मसाल ठेवलं होतं. एटीएमपुढं तेच तीनदा चुकीचं दाबून मी कार्ड बंद पाडलं. म्हणून दोन वर्षांनी देवरीच्या बँकेत चेक घेऊन गेलो.

चेकच्या खिडकीतले बाबू जुन्या ओळखीचे. हल्ली लोक बाहेरच्या मशीनवरूनच परत जातात, त्यामुळे ते नुसते शिक्का उचलतात, बघतात, ठेवतात, पुन्हा उचलतात. माझा चेक दिसताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सही नाकाशी धरली, माझी जुनी सही काढून शेजारी ठेवली. एकदा ही, एकदा ती बघू लागले. मी खिडकीशी वाकलो.

"जुळत नाही का जी?"

"सही तुमचीच आहे, गुरुजी. पण हात काऊन कापून राहिला?"

"घाईत केली."

"पहिले बी घाईतच करत होते. तवा रेघ सरळ जाय. डॉक्टरले दाखवा." मग त्यांनी शिक्का मारला, अगदी हळू.

घरी मी हे हसत सांगितलं. बायको हसली नाही.

"रोज कपातला चहा सांडते, मले वाटे तुमचा धांदरटपणाच आहे," ती म्हणाली. "उद्या दवाखाना. अन् आता दर महिन्याले एक चेक लिहा, त्या बाबूलेच नेऊन दाखवा."