अंदमानच्या सीनरीपुढचा गजू

भुताचा फोटो कसा करायचा ते मला येतं, म्हणूनच भुतावर माझा कधी विश्वास बसला नाही. रोलच्या काळात एकाच फ्रेमवर दोनदा एक्सपोज केलं की धूसर पांढरी बाई उभी राहायची. कॉम्प्युटर आल्यावर तर ते दहा मिनिटांचं काम झालं. जत्रेत गंमत म्हणून विकायला असले फोटो मी स्वतः करून दिलेत. त्यामुळे या सदरातले भुताचे अनुभव वाचताना मी मनात म्हणायचो, बाकी राहू द्या, लाइट कुठून येत होता तेवढं सांगा.

आज मीच लिहायला बसलोय. वय शहात्तर. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण जे पाहिलं ते ऑपरेशनच्या कितीतरी आधी, चांगल्या डोळ्यांनी पाहिलं.

आर्णीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. आता तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आतल्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत दोन सीनऱ्या चिकटवलेल्या होत्या. एकीवर समुद्र, पांढरी वाळू, वाकलेली नारळाची झाडं आणि लांब एक बेट. दुसरीवर परदेशातली पानगळ — लाल-पिवळी झाडं आणि पानांनी भरलेली पायवाट. लोकांना त्यांच्यापुढे उभं राहून फोटो हवा असायचा. समुद्र मी स्वतः आजवर पाहिलेला नाही. पण अर्ध्या तालुक्याला मी त्याच्या काठावर उभं केलंय.

मी हौसेनं आपल्याकडच्या जंगलाचेही फोटो काढायचो. फाल्गुनात सागाची पानं गळतात, अख्खी टेकडी तांबूस होते, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. दोन मोठे करून दुकानात लावलेही होते. एकानंही त्यांच्यापुढे फोटो मागितला नाही. "हे तं घरामांगंच हाय नं काका," म्हणायचे.

पुढे नागपूरहून बॅकग्राउंडची एक सीडी आणली. तिच्यात दोन फोल्डर, आयलंड आणि ऑटम. गिऱ्हाइकाला कापून त्यातल्या फोटोवर बसवायचं. याला आम्ही मिक्सिंग म्हणतो. या कामात माझा हात चांगला होता.

गजू टेलर होता. आर्णीहून महागावकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, तिथून आत त्याचं गाव. नाव लिहीत नाही. घरात आई अनसाबाई आणि मोठा भाऊ शंकर. गजू कपडा घ्यायला आर्णीला आला की गळ्यात मापाचा टेप तसाच घेऊन स्टुडिओत डोकवायचा आणि समुद्राच्या भिंतीपुढे उभा राहायचा.

"काका, पाय टाकून पाहू काय पाण्यात?"

"टाक. पोपडे निघतील भिंतीचे."

"तुमाले समजत नाही काका. एका ठेकेदारानं आपल्या भागातले पोरं नेले अंदमानले. मीबी जानार हाय."

"तिकडं काय शिवशील? माशांना पोलकी?"

खूप हसला होता.

वीस वर्षं होत आली त्याला. ऑक्टोबरातला गुरुवार होता. सकाळी शंकर आईला घेऊन आला. सोमवारी संध्याकाळी कशावरून तरी दोघा भावांची बोलाचाली झाली होती, शंकरनं हात उचलला आणि गजू जो निघून गेला तो आलाच नाही. रस्ता, नाला, शेतातल्या विहिरी, सगळं पाहून झालं होतं. पोलिसात द्यायला त्याचा फोटो हवा होता. उन्हाळ्यात एका लग्नात मी त्याचा उभा फोटो काढला होता, तो माझ्याकडे होता.

अनसाबाई बाकावर बसली होती. मी पाणी दिलं, तिनं हातानंच नको म्हटलं.

शंकर मला आत घेऊन गेला. डोळे लाल झाले होते त्याचे.

"काका, मायनं मंगळवारपासून अन्न घेतलं नाही. कालपासून पाण्याचा घोटबी नाही. म्हनते, पोरगं दिसल्याबिगर घेनार नाही. मरन थे."

"समजाव तिला."

"थे आयकते काय! काका, गज्या अंदमानले गेला हो. महिन्यापासून तेच बडबडून राह्यला होता. रागात निंगून गेला असन. तुमी फक्त एवढं म्हना, का थो मंगळवारी तुमच्याकडं आलता, फोटो काढला अन् गाडीत बसला. त्या समुद्रापुढं एक फोटो करून द्या. मी पाया पडतो तुमच्या."

"आणि तो गेलाच नसेल तर?"

"तं कुठं जाईन? उद्या कोलाम पोडावरचे दोघं जन जंगल पाहाले येनार हायेत, जुन्या गावठाणाकडं. पन मायचा उद्याचा दिवस निंगत नाही काका."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही वाटलं, गेलाच असेल. आणि बाकावरच्या त्या म्हातारीकडे पाहवत नव्हतं. मी बाहेर येऊन म्हणालो, "मावशी, गजू मंगळवारी आला होता माझ्याकडं. फोटो काढून गेला. तासभर थांबा, काढून देतो."

एका तासात काम झालं. लग्नातल्या फोटोत त्यानं पान खाल्लेलं होतं, ओठ लालभडक होते. मी फक्त मागची माणसं काढली आणि त्याला वाळूत उभा केला. सावली समुद्राकडे पाडली. प्रिंट काढली.

अनसाबाईनं ती आधी लांब धरली, मग डोळ्यांजवळ.

"मले भेटून काहून नाही गेला?"

"गाडीची वेळ झाली होती मावशी."

"काई म्हने काय?"

"म्हणे, मायला सांगजा, पोचलो की चिठ्ठी टाकतो."

एवढं शंकरनंही सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. तिनं तांब्या उचलला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायली. शंकर भिंतीकडे तोंड करून रडला आणि रिक्षा बघायला बाहेर गेला. मला वाटलं, आपण एक चांगलं काम केलं...

मग ती म्हणाली, "भाऊ, मांगं एवढं पाणी हाय, अन् याचे ओठ काहून सुकले?"

मी प्रिंट हातात घेतली. ओठ पांढरट होते. फुटलेले होते. खालच्या ओठावर मधोमध उभी चीर होती, रक्त सुकून काळी पडलेली. स्क्रीनवर जाऊन पाहिलं — तिथं पान खाल्लेला लाल ओठांचा गजू हसत होता. दुसरी प्रिंट काढली. पुन्हा तेच. फुटलेले ओठ.

"लाल शाई संपत आली मावशी," मी म्हणालो. "प्रिंटरचा दोष आहे."

शाई कमी पडली तर रंग फिका होतो, चीर पडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. ती दुसरी प्रिंट मी ड्रॉवरमध्ये टाकली. शंकर अजून रिक्षा घेऊन आला नव्हता. त्यानं यातलं काही ऐकलं नाही.

पोलिसात तक्रार गेली नाही. शुक्रवारी पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, माणसं आली, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. जंगलात ओस पडलेल्या जुन्या गावठाणाकडे कोणी गेलं नाही.

पुढे दीड वर्ष चिठ्ठी आली नाही. फोनही नाही. अनसाबाई रोज पोस्टमनची वाट अडवायची. शंकर परत आला आणि मी परत मिक्सिंग केलं. यावेळी ऑटम फोल्डरमधला फोटो घेतला. गजू आता हिमाचलात सफरचंदाच्या बागेत कामाला आहे, असं ठरलं. त्याला पायवाटेवर मधोमध उभा केला आणि शंकरनं तो पाकिटात घालून घरी नेला.

आठ-दहा दिवसांनी अनसाबाई एकटीच एसटीनं आली. प्रिंट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलेली.

"भाऊ, हे हिमाचल नव्हं. हे आमचं जुनं गावठाण हाय."

मी हसलो. खरंच हसलो.

"मावशी, हा परदेशी... म्हणजे लांबचा मुलूख आहे. पानं पाहा, लाल आहेत, बारकी आहेत. आपल्या सागाचं पान परातीएवढं असतं."

"पानं राहू द्या. हा वाकडा मोह पाहा. एका बुडातून दोन खोडं. अन् हा चपटा गोटा. मी याच्यावर मोहफुलं वाळवले हायेत पोरीपनी. लहानपनी गज्या रुसला का इथंच येऊन बसे." तिनं बोट ठेवलं. "थो इथंच हाय. शंकर आयकत नाही. तुमी चाला माह्यासंग."

प्रिंटकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर खोटं उघडं पडेल अशी भीती होती. म्हणालो, "चाळीस वर्षं फोटो काढतोय मावशी. मला कळणार नाही का? तो हिमाचलातच आहे."

तिनं प्रिंटवरचं बोट उचललं.

"तुमी शिकलेले. तुमी म्हनता तं असन."

प्रिंट टेबलावर ठेवून ती उठली. मी म्हटलं, फोटो घेऊन जा. म्हणाली, "राहू द्या तुमच्यापाशीच." यावेळी मी दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. त्याच पावसाळ्यात ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात वनखात्यानं जंगलात जनावरांसाठी पाणवठा करायचं ठरवलं. जुन्या गावठाणात एक आटलेली विहीर होती. कठडा केव्हाच ढासळलेला, वरून रायमुनियाच्या काटेरी जाळ्या चढलेल्या, आत वर्षानुवर्षांची सागाची पानं. पानं उपसली तर खाली हाडं. सोबत स्टीलचं कडं आणि मापाचा टेप.

शंकरचा फोन आला. मी गेलो.

मांडीचं हाड मोडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्याबरोबर गेला नसेल. किती दिवस काढले ते सांगता येणार नाही. विहीर उपसणाऱ्या मजुरांनी मला एक कोपरा दाखवला. तिथं माती हातानं उकरलेली होती, कोपरभर खोल. दगडाच्या फटीतून तिथं थोडी ओल यायची.

मी सोबत ती पानगळीची प्रिंट नेली होती. का नेली, सांगता येत नाही. सगळे गेल्यावर काढून समोर धरली. वाकडा मोह. एका बुडातून दोन खोडं. चपटा गोटा, त्याच्या डाव्या अंगाला तुटलेली कड. सगळं प्रिंटमध्ये जिथल्या तिथं होतं. फक्त पानं तेवढी लाल आणि बारीक. आणि मी गजूला ज्या जागी उभा केला होता, तिथं विहीर होती.

घरी येऊन सीडी लावली. ऑटम फोल्डरमधला एकेक फोटो पाहिला, तीनदा पाहिला. ज्या फोटोवर मिक्सिंग केलं होतं तो आहे, फाइलचं नाव माझ्या वहीत लिहिलेलं आहे. त्यात सरळ उभी झाडं आहेत आणि रिकामी पायवाट. मोह नाही, गोटा नाही. पुतण्या फोटोचंच काम करतो, त्याला दाखवलं. तो म्हणाला, काका, तुम्ही दुसरी फाइल घेतली असेल, विसरलात. मी विसरलो नाही.

दहाव्याच्या दिवशी शंकरनं मला विचारलं, "काका, शुक्रवारी गेलो असतो तं?"

"तो आधीच गेला असेल रे," मी म्हणालो. तेही मला माहीत नव्हतं.

शंकर आता साठीला आलाय. दर वर्षी नवी तूर निघाली की पायलीभर घेऊन येतो, पाया पडतो, म्हणतो, पाप माह्यं होतं, तुमी तं मायचा जीव वाचवला. मी ती तूर ठेवून घेतो. इतकी वर्षं ठेवून घेतली.

शंकर, तुझा मुलगा हे सदर वाचतो असं तूच एकदा सांगितलं होतंस. त्याच्याकडून हे वाचून घे. फोटोची कल्पना तुझी होती, पण तू घाबरलेला होतास आणि तुला काही दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं. शुक्रवार उजाडायचा होता, तेव्हाच तुझ्या आईनं त्याचे ओठ मला दाखवले होते आणि मी शाईचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा ती एकटी एसटीनं आली, जागेवर बोट ठेवून म्हणाली चाला, आणि मी तिला हसलो. हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. यावर्षी तूर आणू नकोस.

वाचणाऱ्यांपैकी कोणी फोटोग्राफर असतील. प्रिंटवर जे आलं ते कुठून आलं, याचं उत्तर पन्नास वर्षं या धंद्यात काढून मला मिळालेलं नाही.

ड्रॉवरमधली ती समुद्राची प्रिंट आता माझ्या खोलीत कपाटावर आहे. रंग उडालेत, बेट तर जवळजवळ दिसेनासं झालंय. ओठ तसेच आहेत. रोज सकाळी मी तिच्यापुढे पाण्याचा पेला भरून ठेवतो. सुनेला वाटतं, माझ्या गोळ्यांसाठी आहे. संध्याकाळी पेला उचलतो तेव्हा पाणी भरल्या मापाचंच असतं, एक थेंब कमी झालेला नसतो.