माझं पथ्य, बाबांचं ताट

डॉक्टरांनी मला सांगितलेलं पथ्य मी महिनाभर बाबांना पाळायला लावलं. चुका सगळ्यांच्याच होतात, पण इतक्या चिकाटीनं चुकणारा आमच्या घराण्यात मीच.

आई गेल्यावर बाबा चांदूर बाजारचं घर बंद करून आमच्याकडे अकोल्याला राहायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. आल्या आल्या मी त्यांना तपासायला नेलं. डॉक्टर बोलत होते तेव्हा माझा अर्धा जीव बाहेर आडव्या लावलेल्या गाडीत होता. कानावर पडलं ते एवढंच : संध्याकाळी साडेसहाला जेवण, एकच भाकरी, तेल नावापुरतं, ठेचा बंद. मी जोरात मान डोलावली. हे सगळं माझ्या पोटाकडे बघून चाललं असेल, अशी शंकासुद्धा आली नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. बायको म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाले एवढंसंच? काहून?"

"तुले काय समजते त्यातलं? डॉक्टरसमोर मी बसलो होतो."

साडेसहाला बाबांचं ताट लागायचं. आम्ही दोघं जेवायचो नऊला. आमच्या भागात जेवायला बसलेला माणूस समोरून जाणाऱ्यालाही म्हणतो, "या जेवाले." जाणारा म्हणतो, "चालू द्या," आणि पुढे जातो. बाबाही पहिला घास मोडायच्या आधी हाक द्यायचे, "या जेवाले." आणि मी सोफ्यावरून, मोबाइलमधून डोकं वर न काढता, "चालू द्या बाबा."

हळूहळू बाबांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहायचे. बोलणंही आटलं. एक दिवस पिशवी भरून दारात ठेवली आणि म्हणाले, "मले गावी जाऊ दे. अमरावतीले गाडी बदलतो अन् जातो."

जिना चढताना दमणारा माणूस त्या बंद घरात एकटा काय रांधणार आणि काय खाणार? मी म्हटलं, "तिथं करन कोन तुमचं?"

"इथं कोन करून राह्यलं?" बाबा म्हणाले.

बायकोनं मध्ये पडून एवढं कबूल करून घेतलं, की निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचं. या वेळी तीही सोबत आली.

डॉक्टरांनी वजन बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "या वयात वजन असं उतरलं की अंगातली ताकद जाते. यांना डाळ, दूध, दही वाढवा म्हणून सांगितलं होतं ना?"

मी मोठ्या अभिमानानं आमचं पथ्य म्हणून दाखवलं. साडेसहापासून ठेच्यापर्यंत.

"अहो, ते तुम्हाला सांगितलं होतं!"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हन्जे मयनाभर मी तुह्या वाटचा उपास करून राह्यलो काय बे?"

डॉक्टर हसले, बायको हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

आता बाबा एका दमात जिना चढतात, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन चार म्हातारे गोळा करतात आणि मला पोट कमी करण्याचे उपाय सांगतात. पण हे सगळं नुसत्या डाळीनं झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळचं सांगतो.

बायकोनं बेत झकास केला होता. ज्वारीच्या गरम भाकरी, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वाटीभर दही. बाबा बसले. "या जेवाले."

"चालू द्या," मी सवयीनं म्हणालो.

बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. सगळं होतं ताटात, तरी सरकवलं. पिशवी अजून दारातच होती. मला काही उमजेना.

बायको आतून आणखी दोन ताटं घेऊन आली आणि बाबांच्या दोन्ही बाजूंना मांडली. मला म्हणाली, "उठा."

"आता? सातही नाई वाजले."

"उठा म्हन्लं ना."

मी जाऊन बसलो. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग सरकवलेलं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. अंबाडी किती कोवळी असताना खुडायची ते सांगता सांगता दुसरी भाकरी संपली. वरण त्यांनी स्वतः मागून घेतलं. मी तिसऱ्या भाकरीला हात घातला तर म्हणाले, "तुले एकच सांगतली हाय." आई गेल्यापासून ते इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

हात धुऊन आल्यावर बाबांनी पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवली. "गाडीचं राहू दे सध्या," जाता जाता म्हणाले.

ताटं उचलताना मी बायकोला उत्साहानं सांगायला लागलो, की उद्यापासून बाबांचं वरण, दही, सगळं मी जातीनं बघतो.

"ताटात काय वाढाचं ते मी पाहून घेईन," ती म्हणाली. "तुमी फक्त येऊन बसत जा."