धरलंय की

दुचाकी प्रशिक्षकाच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झालो तो चालवण्यात नव्हे, शिकवण्यात. परीक्षकांसमोर एका नवशिक्या बाईंना मोटारसायकल शिकवायची होती. मागचं कॅरियर धरून पळता पळता मी हात सोडला आणि वर सवयीनं ओरडलो, "धरलंय की, तुम्ही पुढं बघा."

परीक्षकांनी शिट्टी मारली. "पावणं, हात रिकामा आणि तोंडानं धरलंय व्हय? शिकवणाऱ्यानं खोटं बोलायचं न्हाय. पुढच्या खेपेला या."

आमच्या कोल्हापुरात सगळे असेच शिकले, असं म्हणणार होतो. पण बायको आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वी, आमच्या लग्नानंतर, तिला गाडी शिकायची होती. माहेर शिरोळकडचं. एसटी चुकायची, मला वेळ नसायचा आणि आईला भेटायचं तिचं राहून जायचं. एका रविवारी तिला मैदानावर नेलं. गाडी माझीच, अंगात तिच्या बहिणीचा पंजाबी ड्रेस. "सोडू नका हं," ती सारखी म्हणत होती. "धरलंय की," म्हणत मी सोडलं. आणि ती गेली. सरळ, संथ, ताठ पाठीनं. मी धापा टाकत नुसता बघत राहिलो.

टोकाला वळताना ती पडली. मनगट मोडलं. दवाखान्यात सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही धरलं हुतं न्हवं?" मी हो म्हणालो.

त्या एका 'हो'नं तिचं गाडी शिकणं कायमचं सुटलं. "ह्यांनी धरलं असताना मी पडले, मला कसली जमतीया," ती हसून सगळ्यांना सांगायची. ती जाताना दिसलेली पाठ मात्र मला कधी विसरता आली नाही. तितकं देखणं मी काही पाहिलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला सांगायची सोय नव्हती.

गेल्या महिन्यात पास होऊन प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. ती मेथी निवडत बसली होती. पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं.

तिचा हात थांबला. "म्हंजे मी एकटीच चालवत हुते?"

"व्हय."

"कुठवर?"

"मैदानाच्या पार टोकापर्यंत."

तिनं काड्या गोळा केल्या. "आई जिती हुती तवा सांगायचं हुतं की," एवढंच म्हणाली आणि भाजी उचलून आत गेली. ती कशी दिसत होती, ते सांगायचं माझं राहिलंच.