बाण काढलेली केबल

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, मी जवळजवळ वर्षभर एका वायरवर जळत होतो. लोक शेजाऱ्याच्या स्कूटरवर जळतात, फ्रिजवर जळतात. मी वायरवर. आणि तेही, ती वायर म्हणजे शुद्ध थोतांड आहे अशी माझी पक्की खात्री असताना.

माझा सेट मी स्वतः बांधला होता. लॅमिंग्टन रोडवर शनिवारी दुपारी फिरून एकेक भाग जमवायचा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डरिंग करायचं आणि बायकोच्या शिव्या खायच्या. स्पीकरची खोकी कोपऱ्यावरच्या सुताराकडून करून घेतली होती. हे सगळं बाबांसाठी. बाबा गिरणीत होते आणि लालबागच्या चाळीतल्या भजनात पखवाज वाजवायचे. आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांची बोटं संधिवाताने आखडली होती. वाजवणं संपलं होतं, उरलं होतं ऐकणं. बाजारातल्या टू-इन-वनवर पखवाजाची थाप डब्यावर टिचकी मारल्यासारखी यायची आणि ते तोंड वाकडं करायचे. म्हणून मी अॅम्प्लिफायर बांधला. रविवारी सकाळी अंघोळ करून बाबा चटईवर बसायचे, मी भजनाची कॅसेट लावायचो आणि आमच्या दोन खोल्यांमध्ये पखवाज घुमायचा. त्या रविवारांसाठी मी आठवडाभर साहेबाची बोलणी हसत ऐकली आहेत.

मग वरच्या मजल्यावरचा मस्कतहून परत आला. माझ्याच वयाचा, गणपतीत माझ्याबरोबर मांडव घालणारा. येताना त्याने जपानी सेट आणला. डेक, अॅम्प्लिफायर, कमरेएवढे उंच स्पीकर. सेट चांगला होता, खोटं कशाला बोलू? मला हेवा वाटला, पण तो रीतसर हेवा होता. चांगल्या वस्तूचा हेवा वाटण्यात कमीपणा नसतो.

कमीपणा आला तो स्पीकरला जोडायच्या केबलमुळे. त्याच्या मेव्हण्याने सिंगापूरहून ती आणली आणि वरच्याने मला मुद्दाम बोलावून दाखवली. करंगळीएवढी जाड, पारदर्शक वेष्टनातून आतलं तांबं लालसर चमकत होतं.

"ह्यातला ऑक्सिजन काढून टाकलाय," तो म्हणाला.

"कुणी?"

"कंपनीने रे! आणि हे बघ, बाण. आवाज ह्या दिशेनेच जायला पाहिजे. उलटी लावली तर वाट लागली."

"अरे, स्पीकरमध्ये करंट दोन्हीकडे जातो. जातो, येतो, जातो, येतो. त्याला बाण दाखवून काय उपयोग? तो वाचणारेय का?"

"तुला नाही कळायचं यार. आणि एक महिना वाजू द्यायची, मग ती मुरते."

"लोणचंय का मुरायला?"

तो हसला. वहिनींनी चहा आणला, तोही मला कडू लागला. त्या केबलच्या किमतीत माझा अख्खा सेट दोनदा उभा राहिला असता. माझ्या स्पीकरला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी दोन पदरी वायर होती, दुकानदार हाताने मोजून कापून देतो ती. तिच्यावर बाण नव्हता, तरी आवाज वाट चुकून शेजारच्या घरात गेल्याचं मला कधी आढळलं नाही.

केबलनंतर स्पीकरखाली पितळेचे टोकदार पाय आले. डेकखाली काळ्या दगडाची लादी आली. कॅसेट पुसायला हरणाच्या कातड्याचा म्हणे एक रुमाल आला. बिल्डिंगमधले लोक संध्याकाळी वर जमू लागले. तळमजल्यावरचे बँकेतले काका, ज्यांना स्वतःच्या दाराची बेल ऐकू यायची नाही, ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "केबलने फरक पडतो हो. झकास! तुम्हीही एक घेऊन टाका." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण हे सगळं मी गिळलं असतं. एका रविवारी मी कॅसेट लावायला उठलो तर बाबा चपला घालत होते.

"खंय चाललात?"

"वर जाऊन येतंय. तिकडे ऐकाक बरा वाटता."

गुडघे धरून धरून, कठड्याला रेलत, माझा बाप एक जिना चढून परक्याच्या घरी गाणं ऐकायला गेला. मी कॅसेट हातात घेऊन उभा राहिलो. वरून पखवाज सुरू झाला, छतातून खाली आला. इतकं वाईट मला नोकरीत बढती हुकली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"एकच जिना तर चढतात. जाऊ दे ना," बायको म्हणाली.

नाही जाऊ दिलं. म्हणजे बाबांना जाऊ दिलं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. मी स्पीकर खिडकीपासून हलवून भिंतीला लावले, मग परत खिडकीशी. अॅम्प्लिफायर उघडून दोन कपॅसिटर बदलले. बाबा एखाद्या रविवारी बसायचे, दुसऱ्या रविवारी वर. मी वरच्याला म्हटलं, एकदा डोळे मिटून बस, मी मागून वायर बदलतो, कुठली लावलीय ते ओळखून दाखव. तो म्हणाला, "त्याला कान लागतात रे." मला कान नव्हते! पखवाज्याच्या पोटी जन्मलो होतो आणि कान मात्र मस्कतला मिळत होते.

त्या वर्षी दसऱ्याला गंमत झाली. आमच्या घरी दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडतात. बाबांचा पखवाज, माझं सोल्डरिंगचं सामान आणि अॅम्प्लिफायर, बायकोची कात्री, मुलीची पुस्तकं. बाबा स्वतः हळदकुंकू लावून झेंडू वाहतात आणि एकदा वाहिलं की संध्याकाळी दिवा लागेपर्यंत पाटावरचं काही उचलायचं नाही, वापरायचं नाही. हत्यारांना त्या दिवशी सुट्टी. हा नियम बाबांनी गिरणीच्या दिवसांतही मोडला नव्हता. वरच्याच्या घरी वडीलधारं कुणी नव्हतं, म्हणून वहिनी सकाळीच खाली आल्या. सेट काही उचलून आणता येत नव्हता, तर म्हणाल्या, "काका, तेवढी ही तुमच्या पाटावर ठेवा." त्यांच्या हातात केबल होती, वेटोळं करून, लाल दोरीने बांधलेली.

माझ्या अॅम्प्लिफायरला खेटून ती दिवसभर बसली. कुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल.

दुपारी श्रीखंड-पुरी झाल्यावर लोक सोनं द्यायला घराघरांतून फिरू लागले आणि वरून पखवाज ऐकू आला. मी ताडकन उठलो. केबल तर इथे आहे! मग वर काय लावलंय? आपट्याची पानं खिशात कोंबून मी जिना चढलो. वर मंडळी बसली होती, बँकेतले काका डोळे मिटून मान हलवत होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा होते. मी सरळ स्पीकरच्या मागे वाकलो. टेबल फॅनची जुनी वायर! मळकी, मध्ये एका ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"काका, आवाज कसाय?" मी मोठ्याने विचारलं.

"अहो, विचारता काय? केबल आहे ती," काका म्हणाले.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेलो नाही. मी ती मळकी वायर सगळ्यांना दिसेल अशी उचलून धरली आणि म्हटलं, "केबल आमच्या पाटावर आहे. सकाळपासून. ही पंख्याची वायर आहे!"

काकांनी चष्मा पुसायला घेतला. कुणीतरी खोकलं. वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, लोक येणार, घरात गाणं नको? ह्यांनीच जोडली ती." वरच्याकडे मी विजयी मुद्रेने वळलो, तर तो आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होता. श्रीखंड अंगावर आलं होतं. माझी लढाई त्याच्या कानापर्यंतही पोचली नव्हती.

हरकत नाही. मला जिंकायचं होतं ते दुसरं. मी बाबांपाशी गेलो आणि वाकून म्हटलं, "बघितलंत? केबलमध्ये काही नसतं. चला, संध्याकाळी पाटावरून अॅम्प्लिफायर उचलला की आपल्याकडे लावतो. हीच कॅसेट."

"माका ठावक आसा," बाबा म्हणाले. "सकाळी मीच कुंकू लावलंय ना तिका."

"मग? मग इकडे कशाला येता? गुडघे दुखतात तरी?"

बाबांनी आखडलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं. आवाज खाली आणला, लोकांनी ऐकू नये म्हणून.

"तुझ्याकडे गाणा लागला की तू माझ्या तोंडाकडे बघीत बसतंस. बापाशीक आवडला काय नाय, मान हलली काय नाय. मी गाणा आयकू काय तुका मार्क देऊ?" मग त्यांनी आरामखुर्चीकडे हनुवटी केली. "ह्यो बघ. लावता नि झोपता."

खरंच बघायचो मी. त्या कानांसाठी बांधला होता सेट, दुसऱ्या कुणाकडे बघणार होतो? कॅसेटवर पखवाजाने लय वाढवली आणि बाबांनी माझं मनगट सोडून मांडीवर ताल धरला. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावली. थोड्या वेळाने मला कळलं की मी परत त्यांच्याकडेच बघतोय. बाबांनाही कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान तिकडे फिरवली.

वर्षभर मी केबलवर जळलो, ते दिवस त्या मानाने सोपे होते. गोष्ट नुसत्या केबलची असती तर पोटाला चिमटा घेऊन एखादी मीही आणली असती. त्या दुपारी मला हेवा वाटला तो त्या घोरणाऱ्या माणसाचा, आणि तो आजही वाटतो. माझ्या बापाशेजारी बसून त्याला निवांत झोप लागत होती.