फवारणाऱ्याची बायको

थायलंडमधल्या सिसाकेतकडच्या त्या गावात छोट्या कांद्याचे वाफे घरांच्या पायऱ्यांपर्यंत आलेले आहेत, आणि पिकावर मारायच्या विषाला सगळे औषधच म्हणतात. वान कधी फवारायला गेली नाही. तो तिच्या नवऱ्याचा, खामफानचा धंदा. लग्नापासून तिने फक्त त्याचे कपडे धुतले, रोज संध्याकाळी, हातानेच. मशीनमध्ये वास मुरतो असं तिचं मत.

या हंगामात मळेवाल्याने अट घातली: रक्ततपासणीत ज्याचा कागद निळा, त्याला काम नाही. खामफानला दुसरं काम येत नव्हतं. त्याने आठवडाभर पंप टेकवून ठेवला आणि दोन्ही वेळा रांगचुएतच्या, म्हणजे विष उतरवणाऱ्या वेलीचा काढा प्यायला. गावातले सगळे फवारणारे हेच करत. परीक्षेआधी अभ्यास करावा तसं रक्त तयार करत, आणि रक्तही सहसा पास होई.

तपासणी विहाराच्या मंडपात होती. आरोग्यसेविका बुनफेंगताई बोट टोचायची, रक्तावर साचलेलं पिवळसर पाणी कागदावर सोडायची. विष ज्याला मारतं असं एक द्रव्य रक्तात शाबूत असेल तर कागद पिवळा होतो. नसेल तर निळसरच राहतो.

खामफानचा कागद पिवळट हिरवा आला.

"सुटलास," ताई म्हणाली.

"काढा कडक होता, ताई."

वान नुसती सोबतीला आली होती. एक कागद उरला होता. "बस गं, वाया कशाला घालवायचा?" ताई म्हणाली.

तिचा निळा आला.

"वानच्या घराचा नंबर किती रे?" मागून कुणीतरी म्हणालं. "लॉटरीला लावतो, नवल घडलेल्या घराचा नंबर लागतो म्हणतात." सगळे हसले. वानही हसली.

"कागद खराब असेल, ताई. मी मळ्यात पायसुद्धा ठेवत नाही."

"नवऱ्याच्या डबीतलाच आहे. याचे कपडे कोण धुतं?"

"मीच."

"हातमोजे घालून?"

"शर्टाला कुणी हातमोजे घालतं का?"

"हाताला मुंग्या येतात?"

"मुंग्या नाही. काहीच येत नाही. चुलीवरचं पातेलं मी उघड्या हाताने उतरवते. सासूबाई म्हणायच्या, हात बसला पोरीचा."

ताईने तिलाही काढा सांगितला, महिन्याने पुन्हा यायला सांगितलं आणि औषधापासून लांब राहायला सांगितलं. औषध रोज रात्री वानच्या शेजारीच झोपत होतं, पण ते ताईला काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी खामफान कामावर गेला. जाऊ नका असं वान म्हणाली नाही, जाऊ का असं त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळी तो ओला शर्ट हातात धरून नळाशी उभा राहिला.

"मीच धुऊ?"

"येतं का तुम्हाला?"

"बघून बघून येईल."

तो उकिडवा बसला आणि कॉलर घासू लागला, जणू घामाचाच शर्ट.

"पाठ घासा," वान लांबून म्हणाली. "पंप पाठीवर गळतो." जरा वेळाने म्हणाली, "बाह्यापण."

जेवताना चिकट भाताची टोपली दोघांच्या मधे ठेवायची आणि दोघांनी त्यात हात घालायचा, हे त्या घरात कधी चुकलं नव्हतं. वानने त्याचा भात वेगळा काढून ताटलीत दिला.

खामफानने ताटलीकडे पाहिलं, मग जेवायला लागला.